दहावीनंतरची वाट

दहावीचा निकाल दुपारीं लागतो आणि सायंकाळच्या चहापर्यंत बहुतेक घरांतून मुलाचें पुढील आयुष्य ठरून गेलेलें असतें. शेंकडा ऐंशीच्या वर गुण असतील तर विज्ञान, साठ-सत्तरांच्या घरांत असतील तर वाणिज्य, त्याहून कमी असतील तर कला, ही वाटणी कोणत्याहि नियमांत लिहिलेली नाहीं. तरी ती वाशीमच्या पेठेंतील दुकानदारापासून रिसोडच्या बाजारास आलेल्या शेतकऱ्यापर्यंत सर्वांस पाठ आहे. ही रीत सोपी आहे, झटपट आहे, आणि तिच्यांत मुलाला कांहीं विचारावें लागत नाहीं, ही तर तिची मोठीच सोय! तिचा दोष इतकाच कीं, दहावीचे गुण हें मागील अभ्यासाचें माप आहे. पुढें कोणतें दार उघडेल व कोणतें मिटेल, हें त्या आंकड्यांत कोठेंहि लिहिलेलें नसतें.

समजा, मानोरा तालुक्यांतील एका तांड्यावरची मुलगी आहे. तिला शेंकडा अडुसष्ट गुण मिळाले. विज्ञानांत बरे, गणितांत बेताचे, मराठींत उत्तम. आईच्या आजारपणांत ती कांहीं दिवस रुग्णालयांत राहिली होती, आणि तेव्हांपासून परिचारिका व्हावें असें तिच्या मनांत आहे. शेजारी सांगतात, “आर्ट्‌सला टाका पोरीला, जवळच कॉलेज आहे, येणंजाणं होते.” सल्ला वाईट हेतूचा नाहीं. पण बी.एस्सी. नर्सिंग या पदवीस बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय असावेच लागतात. कला शाखेंत नांव घातलें त्या दिवशीं तें दार मिटलें. हें त्या घरांत कोणास ठाऊक नसतें, आणि ठाऊक होतें तें दोन वर्षांनीं. मात्र सारेंच संपतें असें नाहीं. जी.एन.एम. हा जो परिचर्येचा पदविका-अभ्यासक्रम आहे, त्यांत विज्ञान शाखेस पसंती असली तरी इंग्रजी घेऊन बारावी झालेली इतर शाखांची विद्यार्थिनीहि पात्र ठरते. आणि तो पुरा करून नोंदणी झालेल्या परिचारिकेस पुढें दोन वर्षांत पदवी घेतां येते. एकाच इच्छेकडे जाणाऱ्या ह्या दोन वाटा झाल्या, एक सरळ व एक वळणाची. मार्गदर्शन म्हणून ज्यास म्हणतात त्यांतील मुख्य काम हेंच होय: कोणत्या वाटेनें गेलें असतां कोणतें दार मिटतें, आणि मिटलेलें दार पुढच्या कोणत्या वळणावर पुन्हां उघडतें, हें वेळेवर सांगणें.

पूर्वींच्या पिढ्यांपुढें हा प्रश्न ह्या स्वरूपांत नव्हता. वाशीम हा इंग्रजी अमलांत १८७५ पासून १९०५ पर्यंत स्वतंत्र जिल्हा होता; मग तो अकोल्यांत विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजीं पुन्हां वेगळा निघाला. मधल्या काळांत मॅट्रिक झालेल्या मुलापुढें वाटा थोड्या असत. अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज निघालें तें १९२३ सालीं, आणि नागपूर विद्यापीठहि त्याच वर्षाचें. घरीं ऐपत असेल तो अमरावतीस किंवा नागपुरास जाई. बाकीचे मास्तर, कारकून, पटवारी होत. निवडण्यासारखें फारसें नव्हतेंच, म्हणून निवड चुकण्याची भीतिहि कमी. मुंबईस पारशी पंचायतीनें १९४७ सालीं व्यवसाय-मार्गदर्शनाची कचेरी उघडली व पाठोपाठ १९५० सालीं तेथील सरकारनेंहि तसा विभाग काढला, तेव्हां असा कांहीं सल्ला घ्यावयाचा असतो हेंच लोकांस नवें होतें. आज वाटा पुष्कळ झाल्या आहेत. ठरविण्याची रीत मात्र एकाच वाटेच्या काळांतली राहिली आहे.

विज्ञान शाखेकडे जो लोंढा वाहतो त्याला एक खरें कारण आहे, तें नाकारून चालणार नाहीं. विज्ञान घेऊन बारावी झालेला मुलगा कलेच्या किंवा वाणिज्याच्या पदवीस जाऊं शकतो. उलट कलेचा विद्यार्थी अभियांत्रिकीस वा वैद्यकास जाऊं शकत नाहीं. म्हणून “सायन्स घेऊन ठेव, मग पाहूं” हें वाक्य घरोघर ऐकूं येतें. पण विज्ञान घेतलें म्हणजे सर्वच दारें उघडीं राहिलीं, ही अर्धवट समजूत आहे. विज्ञानांतहि दोन फांटे आहेत. गणित सोडलें कीं अभियांत्रिकी गेली. जीवशास्त्र सोडलें कीं वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद व परिचर्येची पदवी दुरावली. तो विषय बारावीनंतर जादा म्हणून देण्याची मुभा २०२३ पासून मिळाली आहे खरी, पण ती आडवाट आहे. तिच्या भरंवशावर कोणी निघूं नये. औषधनिर्माण आणि कृषि हीं मात्र दोन्ही फांट्यांस खुलीं राहतात. गणित व जीवशास्त्र दोन्ही एकत्रहि घेतां येतात, परंतु तो भार ज्याला पेलतो त्यानेंच घ्यावा. शिवाय नुसत्या बारावीच्या गुणांनीं भागत नाहीं. अभियांत्रिकी, औषधनिर्माण व कृषि यांसाठीं राज्याची एम.एच.टी.-सी.ई.टी. आणि वैद्यकासाठीं देशभरची नीट, ह्या परीक्षा द्याव्याच लागतात.

दुसरीकडे, ज्या इच्छांना विज्ञानाची गरजच नाहीं अशाहि पुष्कळ आहेत. पोलिस शिपाई होण्यास कोणत्याहि शाखेची बारावी पुरते. लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेस कोणतीहि पदवी चालते. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनींत भूदलाकडे जाणाऱ्यास शाखेचें बंधन नाहीं. नौदल व वायुदल ह्यांस मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतें. तेव्हां गणवेशाचें स्वप्न पाहणाऱ्या ज्या मुलाला रसायनशास्त्राची सूत्रें पाहून धडकी भरते, त्याला दोन वर्षें विज्ञानांत कोंडून ठेवण्यांत कोणाचें हित आहे? बारावीस जेमतेम उत्तीर्ण झालेल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यापेक्षां इतिहास-भूगोलांत रमलेला कलेचा विद्यार्थी त्या परीक्षांस अधिक तयार असतो. वाणिज्याचेंहि तसेंच. ज्याला जमाखर्चांत गति आहे त्यानें ती शाखा ऐंशी टक्के मिळाले असतांहि घ्यावी. त्यांत कमीपणा कसला?

ह्या लोंढ्याची दुसरी बाजू अधिक खर्चाची आहे. वैद्यकाच्या ओढीनें पालक मुलांस अकोला, नांदेड, लातूर येथील शिकवणी-वर्गांत ठेवतात आणि नांव मात्र एखाद्या खेड्यांतील कनिष्ठ महाविद्यालयांत राहतें. तेथें वर्ग ओस पडतात, प्रयोगशाळेंत परीक्षानळ्यांवर धूळ बसते, आणि मुलगा प्रात्यक्षिकाच्या परीक्षेपुरता तोंड दाखवून जातो. ज्या घरांत सोयाबीनचें एक पीक बुडालें कीं वर्षाचें गणित मोडतें, त्या घरानें दोन वर्षांची फी आणि खोलीभाडें उभें करावयाचें म्हणजे कर्ज आलें. तें काढूं नये असें म्हणण्याचा अधिकार कोणास नाहीं. पण काढण्यापूर्वीं आठवी, नववी आणि दहावी ह्या तीन वर्षांतील विज्ञान-गणिताच्या गुणपत्रिका एकापुढें एक मांडून पाहाव्या. एका परीक्षेचे गुण फसवितात. तीन वर्षांचे सहसा फसवीत नाहींत.

वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालें, तेव्हां “आतां आपल्या पोरांना गांवांतच डॉक्टर होतां येईल” असा आनंद पुष्कळांनीं मानला. १०० जागांचें हें महाविद्यालय २०२४ सालीं सुरू झालें. जिल्ह्यास त्याचा लाभ मोठा आहे, कारण रुग्णांस तज्ज्ञ मिळतात. प्रवेशाची गोष्ट वेगळी. शेंकडा पंधरा जागा अखिल भारतीय कोट्यांतून भरतात व उरलेल्या साऱ्या राज्याच्या गुणवत्ता-यादींतून. विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र असे प्रदेशवार जागा राखण्याचें जुनें सूत्र २०२० मध्यें रद्द झालें. म्हणून वाशीमच्या मुलाला वाशीमच्या महाविद्यालयांत जन्मगांवाचा फायदा कांहींच नाहीं. पुण्याच्या मुलाशीं त्याची सरळ स्पर्धा आहे.

आतां ज्या वाटांकडे पालक सहसा शेवटीं, आणि तेंहि नाइलाजानें, वळतात त्यांचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. वाशीम येथें शासकीय तंत्रनिकेतन आहे. दहावीच्या गुणांवर, कोणतीहि वेगळी प्रवेशपरीक्षा न देतां, तीन वर्षांच्या अभियांत्रिकी पदविकेस तेथें प्रवेश मिळतो. पदविका झालेला विद्यार्थी अभियांत्रिकी पदवीच्या एकदम दुसऱ्या वर्षांत जाऊं शकतो, आणि तो प्रवेशहि पदविकेच्या गुणांवर होतो, सी.ई.टी.वर नव्हे. तीन आणि तीन मिळून सहा वर्षें. अकरावी-बारावीच्या मार्गानें जाणाऱ्यास दोन आणि चार, म्हणजे तींच सहा वर्षें लागतात. वेळ एक दिवसहि अधिक जात नाहीं. उलट मध्येंच घरची अडचण आली तर पदविकाधारकाच्या हातीं नोकरीस उपयोगी पडेल असा कागद असतो, आणि नुसती बारावी झालेल्याच्या हातीं तसें कांहीं नसतें. हें साधें गणित जिल्ह्यांतील किती शाळांच्या फलकावर लिहिलेलें आढळतें, हें ज्यानें त्यानें पाहावें.

आय.टी.आय.ची वाट तर याहूनहि अधिक गैरसमजांत सांपडलेली आहे. तेथें जाणारा मुलगा शिक्षणांतून गेला, असेंच मानण्याचा प्रघात आहे. वस्तुस्थिति अशी कीं, इलेक्ट्रिशियन, वायरमन किंवा फिटर अशा दोन वर्षांच्या व्यवसायाचें प्रशिक्षण पुरें केलेल्यास पदविकेच्या दुसऱ्या वर्षांत प्रवेश मागतां येतो, आणि तेथून पदवीच्या दुसऱ्या वर्षांत. दोन, दोन आणि तीन, एकूण सात वर्षें. सरळ वाटेहून फक्त एक अधिक. शिवाय दहावीनंतर दोन वर्षांचा व्यवसाय शिकून मंडळाच्या दोन भाषा-विषयांची परीक्षा दिली तर त्यास बारावीची समकक्षता मिळते, म्हणजे बारावीवर उघडणारीं कांहीं दारेंहि त्याला खुलीं होतात. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ पासून आहे. त्याखालीं कारखान्यांत वा सरकारी उपक्रमांत काम शिकतां शिकतां विद्यावेतन मिळतें. महावितरणच्या विद्युत् सहाय्यकाच्या जागेस इलेक्ट्रिशियन वा वायरमन हाच व्यवसाय लागतो, तेथें बी.ए. झालेल्याचा उपयोग नाहीं.

मात्र ह्या वळणांवर खड्डे नाहींत असें सांगणें हा अप्रामाणिकपणा होईल. आय.टी.आय.हून पदविकेच्या दुसऱ्या वर्षांत गेलेल्या मुलाचें पहिल्या वर्षाचें गणित राहून गेलेलें असतें, आणि तें पुढें त्याला वरचेवर अडवितें. पदविकेहून पदवीस गेलेल्याचीहि तीच कथा. थेट दुसऱ्या वर्षाच्या जागाहि मर्यादित असतात. ज्यानें ही वाट धरली त्यानें गणिताचें पुस्तक मिटून ठेवूं नये, एवढें त्याला पहिल्याच दिवशीं सांगितलें पाहिजे.

शेतीच्या शिक्षणाविषयीं एक विसंगति नजरेंत भरते. सोयाबीन, तूर आणि कापूस ह्यांवर जगणाऱ्या ह्या जिल्ह्यांत ‘कृषि’ हा विषय मुलानें मागितला तर बाप खट्टू होतो. “वावरातच यायचं होतं तर शिकला कशाला?” हा त्याचा प्रश्न, आणि पाऊस व भाव ह्या दोहोंनीं ज्याला नाडलें आहे, त्याचा तो प्रश्न खोटाहि नव्हे. परंतु अकोल्याचें डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ, जें १९६९ पासून चालू आहे, तेथील चार वर्षांची पदवी घेतलेला मुलगा नांगरच धरतो असें नाहीं. बियाणें, मृदापरीक्षण, बँकांचीं शेतीकर्जें, कृषिखात्यांतील नोकऱ्या हीं सर्व त्याच्या पुढ्यांत असतात. रिसोड तालुक्यांत करडा येथें कृषि विज्ञान केंद्र आहे. दहावीच्या मुलांस घेऊन शिक्षकानें एक दिवस तेथें काढला, तर शेती शिकणें आणि शेतांत राबणें ह्यांतील अंतर त्यांस व्याख्यानाशिवाय कळेल.

मुलाचा कल कोणता, हें यंत्रानें काढून देण्याचाहि प्रयत्न महाराष्ट्रांत झाला. २०१६ पासून कांहीं वर्षें दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचांचणी घेतली जात असे आणि कृषि, कला, वाणिज्य, ललितकला, आरोग्य, तांत्रिक व गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांपैकीं त्याचा ओढा कोणीकडे, हें कागदावर छापून मिळे. पुढें ती बंद पडली. तिचा उपयोग नव्हता असें नाहीं; पण आवड आणि क्षमता ह्या दोन वस्तु आहेत, हें तो कागद हातीं घेणाऱ्या कित्येकांच्या ध्यानीं आलें नाहीं. गाणें आवडणें निराळें आणि गळा असणें निराळें. शिवाय खेड्यांतील मुलानें जो व्यवसाय कधीं पाहिलाच नाहीं, त्याची आवड त्याला कोठून असणार? त्यानें डॉक्टर, मास्तर, पोलिस व तलाठी पाहिलेले असतात. म्हणून त्याच्या इच्छाहि ह्या चौघांभोंवतीं फिरतात. विनासांगतां मूल काय करीत बसतें, मोटारपंप उघडतें कीं लहान भावंडांस शिकवितें, हें वर्षभर पाहणाऱ्या शिक्षकास व आईस कोणत्याहि चांचणीहून अधिक सांगतां येतें, फक्त त्यांस कोणी विचारलें पाहिजे.

इतकें सर्व जुळलें तरी वाशीमसारख्या जिल्ह्यांत निवडीचा शेवटचा शब्द पुष्कळदां अंतराचा असतो. ग्रामीण मुलींस बारावीपर्यंत एस.टी.चा प्रवास अहिल्याबाई होळकर योजनेखालीं विनामूल्य आहे; बारावी संपली कीं ती सवलत संपते, आणि नेमक्या त्याच वेळीं महाविद्यालय दूर जातें. म्हणून मुलीच्या शिक्षणाचा आराखडा दहावीनंतर दोन वर्षांचा नव्हे, पांच वर्षांचा करावा लागतो. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील ज्या मुलींच्या घरचें उत्पन्न आठ लाखांच्या आंत आहे, त्यांस व्यावसायिक अभ्यासक्रमांचें शिक्षणशुल्क २०२४ पासून माफ झालें आहे. वसतिगृहांत जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांस स्वाधार, अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांस स्वयम्, आणि विमुक्त, भटक्या व इतर मागास वर्गांतील विद्यार्थ्यांस ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. हीं नांवें पालकास ठाऊक असलीं तर “शहरांत ठेवायला पैसा कुठं आहे” हें वाक्य थोडें तरी मागें सरतें.

प्रवेशाची पद्धतिहि बदलली आहे. अकरावीचे प्रवेश संगणकावरून करण्याची रीत पूर्वीं मुंबई परिसर, पुणें, नाशिक, नागपूर व अमरावती अशा शहरांपुरतीच होती. २०२५ पासून ती साऱ्या राज्यास लागू झाली. त्या वर्षीं विद्यार्थ्यास दहापर्यंत महाविद्यालयें पसंतीच्या क्रमानें देतां येत होतीं, आणि पहिल्या पसंतीचें महाविद्यालय मिळालें तर तें घेणें भागच होतें. न घेतल्यास पुढच्या नियमित फेऱ्यांतून तो बाहेर पडे. हा नियम न कळल्यानें मित्रांनीं लिहिलें तें पहिल्या क्रमांकावर लिहिणारे, किंवा संगणकाच्या दुकानदारानेंच यादी भरूं देणारे विद्यार्थी अडचणींत येतात. पसंतीक्रम हा घरीं कागदावर, रोजच्या एस.टी.च्या वेळा पाहून लिहावा, मग दुकानांत जावें. नियमांत दरवर्षीं थोडाफार फरक होतो, म्हणून त्या त्या वर्षाची सूचना शाळेंतून वाचून घ्यावी हें बरें.

राहतां राहिला कागदांचा प्रश्न, आणि तो दिसतो तितका किरकोळ नाहीं. राखीव जागेवरून व्यावसायिक अभ्यासक्रमास जाणाऱ्यास जातीचा दाखला पुरत नाहीं, त्याची पडताळणी लागते. इतर मागास वर्गासाठीं १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वींचा व विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठीं २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वींचा वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्या घराण्याची शेती एकाच गांवीं चार पिढ्या आहे त्याला तो सांपडतो. तांड्यावरच्या घराण्याचें काय? आजोबांनीं शाळेचें तोंड पाहिलें असेल तर दाखलखारिज रजिस्टरांतील नोंद; नसेल तर तहसील कचेरींतील कोतवाल बुकाची नक्कल. ह्या शोधास महिने लागतात, आणि प्रवेशाच्या फेऱ्या दिवसांच्या हिशेबानें चालतात. म्हणून पडताळणीचा अर्ज अकरावींतच करून टाकावा असें सांगतात, आणि कागदांचा शोध त्याहि आधीं सुरू व्हावा लागतो.

ह्यासाठीं वेळ कोणती, तर निकालाची नव्हे. मानोरा व मालेगांव भागांतील जीं कुटुंबें ऊसतोडीस जातात तीं दसरा-दिवाळीच्या सुमारास गांव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. दहावीचें सारें वर्ष मूल आजीपाशीं किंवा हंगामी वसतिगृहांत असतें; आईबापांशीं बोलावयाचें तें श्रावण-भाद्रपदांतच. त्या वेळीं शाळेंत बोलाविलेला बाप दारांत उभा राहून विचारतो, “गुरुजी, परीक्षा तर मार्चात हाये, आत्ताच काय काम काढलं?” गुरुजींनीं त्याला खुर्ची द्यावी आणि मुलीच्या गुणांविषयीं कांहीं बोलण्यापूर्वीं विचारावें, “भाऊ, तुमचे वडील कोणत्या गांवच्या शाळेंत जात होते?”